गुलाबशेठ बाभळीवर

माझ्या दुकानाची जाहिरात आजवर एकदाच शंभर टक्के खरी ठरली, आणि त्या दिवशी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मोडायची वेळ आली.

वाटूर फाट्यावर माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं, आणि गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना त्याच्या गळ्यात मारायच्या बाकीच्या वस्तू! त्यातलीच एक म्हणजे पाखरं हाकलायचा भोंगा. बॅटरीवर चालतो. त्यात आपला आवाज भरायचा, बांधावर खांब रोवून टांगायचा, की तो दिवसभर आपल्या वतीनं ओरडत बसतो. नमुन्याच्या भोंग्यात मी माझाच आवाज भरला होता, "हाड! हाड! हुर्रर्र!" आणि जागा उरली म्हणून पुढं, "घेऊन जा, घेऊन जा, वर्षाची ग्यारंटी!" (बायकोचं म्हणणं असं, की पहिल्या भागानं पाखरं जातात आणि दुसऱ्या भागानं गिऱ्हाईकं.)

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ह्या भोंग्याचा मनापासून राग. आपल्या पोटच्या पोरानं आपलंच काम एका डबड्याला द्यावं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. कारण अण्णा म्हणजे वाटूर ते आष्टी ह्या पट्ट्यातले पाखरं राखणारे शेवटचे उस्ताद!

माझ्या लहानपणी सगळ्या शिवारात ज्वारीच ज्वारी असायची. पौषात कणसात चीक भरला की शेताशेतात माळे उभे राहायचे. चार मेढी, वर फळ्या, फळ्यांवर कडबा, आणि त्यावर हातात गोफण घेतलेला माणूस. पोपटांचे थवे दूधना नदीकडून यायचे, हिरवेगार, कलकलाट करत. मग अण्णा माळ्यावर उभे राहायचे, डावा हात कानाशी लावायचे आणि पोटातून आरोळी काढायचे, "हुर्रर्रऽऽ हाऽऽड!" आमच्याच काय, शेजारच्या शेतांतले पोपटसुद्धा उठायचे. शेजारी त्या भरवशावर माळ्यावर घोरत पडायचे. आमची माय नदीपलीकडच्या गावची. ती अजून सांगते, "लग्नाआधी मी ह्यांना पाह्यलं नव्हतं. ऐकलं होतं!"

आता सगळीकडं सोयाबीन आणि कपाशी. पण अण्णांनी घरामागं बाभळीलगतचा एक तुकडा ज्वारीला ठेवलाच होता. विचारलं तर म्हणायचे, "घरी खायला लागती." आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, की ज्वारी माळ्यासाठी होती. ते सकाळी माळ्यावर चढायचे आणि दिवसभर पोपटांची वाट बघायचे. चार-दोन आले की ह्यांना कोण आनंद!

अशा माणसाच्या घरी गुलाबशेठ राहायला आला.

गुलाबशेठ हा आमच्या गोदाआत्याचा काकाकुवा. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, राहायला जालन्यात. तिच्या यजमानांचं, शंकरमामांचं, बियाण्याचं दुकान होतं. मूलबाळ नाही. मामांचा हैदराबादचा एक व्यापारी दोस्त परदेशी गेला आणि जाताना हे पाखरू मामांच्या हवाली करून गेला. कोंबडीएवढं, अंगानं पांढरं, पण आत गुलाबी दिवा लावल्यासारखं! खुशीत आला की डोक्यावरचा तुरा उभा करायचा, आणि तो तुरा पिकल्या पपईच्या रंगाचा. मामांनीच त्याला शेठ केलं. "माझ्यापेक्षा जास्त रुबाब ह्याचा," म्हणायचे. मामा वारले, दुकान गेलं, आणि फ्लॅटमध्ये राहिले ही दोघं. आत्या त्याच्याशी भांडायची, रुसायची, भाकरीचा पापुद्रा त्याला आधी द्यायची. माहेरचं माणूस असो की शेजारीण, सगळ्यांनी फोनवर आधी गुलाबशेठची खुशाली विचारायची, मग तिची. हा तिच्याकडचा नियमच होता.

आत्याचे गुडघे गेले. ऑपरेशन संभाजीनगरला ठरलं. शेठला कुणाकडं ठेवायचं? आम्हाला वाटलं, ती शेजारणीकडं ठेवेल. तिनं अण्णांना फोन केला.

"दादा, तुझ्याकडंच ठेवीन मी."

"माझ्याकडं?" अण्णांनी दोनदा विचारलं. ह्याच्यामागं एक जुनी गोष्ट होती. लहानपणी दोघं भावंडं माळ्यावर राखणीला बसायची. एकदा अण्णांच्या गोफणीचा दगड खरंच एका पोपटाला लागला. आत्यानं ते पाखरू परकराच्या ओच्यात घेतलं, पाणी पाजलं, पण संध्याकाळपर्यंत ते गेलं. त्या वर्षी तिनं भावाला राखी बांधली नाही. तेव्हापासून अण्णांची गोफण कायम आभाळाकडं सुटायची. तरी दर राखीला आत्याचा टोमणा ठरलेला, "पाखरं मारणाऱ्या हाताला बांधून राह्यले बाई मी!" आणि तीच आत्या म्हणत होती, तुझ्याकडं ठेवीन.

"ठेव," अण्णा म्हणाले. "पर गोदे, मला पाखरं हाकलता येतेत. सांभाळायचं म्हाईत न्हाई."

"शीक मंग. अन् ऐक, त्याला काही झालं न दादा, तर तुझं तोंड बघणार न्हाई मी."

शेठ जीपमधून पिंजऱ्यासकट आला. सोबत आत्याच्या सूचना. कडी लावून भागत नाही, चोचीनं उघडतो, म्हणून कुलूप लावायचं. मोसंबी सोलून द्यायची. आणि संध्याकाळी रोज व्हिडिओ कॉल करून शेठचं दर्शन घडवायचं.

आठवड्याभरात शेठनं घराचा ताबा घेतला. बाजेचा एक पाय कुरतडला. टीव्हीच्या रिमोटची बटणं खाल्ली. माझ्या चष्म्याची एक काडी तोडली (मी तेव्हापासून दोरा बांधून चष्मा घालत होतो आणि गिऱ्हाईकं मला विद्वान समजायला लागली होती). अंगातून पांढरी भुकटी इतकी झडायची, की माय म्हणायची, "घरात पिठाची गिरणी टाकल्यावानी झालंय!" आणि आवाज? पहिल्या दिवशी तो ओरडला तेव्हा गायीनं दूध चोरलं. दुसऱ्या दिवशी शेजारची रुक्मिणकाकू धावत आली, "काय झालं वं, कोन गेलं?"

मी मोबाईलवर सगळी माहिती काढली. घरात पाखरांचा जाणकार म्हणून कुणीतरी लागतो, आणि ते पद मी स्वतःला देऊन टाकलं. रात्री जेवताना मी जाहीर केलं, "अण्णा, हे साधं पाखरू न्हाई. पार इंडोनेशियातलं हाय. तिथं सेराम नावाचं एक बेट हाय समुद्रात. तिथलं."

"मंग इथं काय करून राह्यलंय?"

"लोकांनी धरधरून विकले नं. जंगल बी तुटलं. आता तिथं कमी राहिलेत. धोक्यात आलेली जात हाय ती."

अण्णांचा घास हातातच राहिला. "कमी राहिलेत म्हंजे? हाकलायला बी यायचे न्हाईत एवढे कमी?"

"तसंच समजा."

त्यांनी घास ताटात ठेवला. उठले, हात धुतला, पिंजऱ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, "हाड." मला वाटलं, म्हातारा काही सुधरायचा नाही. एवढ्या लांबचं पाहुणं, आणि हे त्याला हाडहाड करतेत! पुढं रोज पिंजऱ्याखाली शेंगांची टरफलं सापडायला लागली. त्याचा आळ मी उंदरांवर घेतला आणि दुकानातून उंदीर धरायचा पिंजरा आणून लावला. उंदीर सापडला नाही. त्यात माझंच बोट सापडलं.

असो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला अक्कल सुचली.

दुकानाची रील करायची होती. सध्या सगळेच करतात. मी विचार केला, नुसता भोंगा दाखवून कोण बघणार? खांद्यावर काकाकुवा बसलेला दुकानदार बघितला, की लोक थांबतील! शेठ माझ्या खांद्यावर बसायचा. माझा कान चघळायला त्याला आवडायचं. मी कुलूप काढलं, शेठला खांद्यावर घेतलं आणि ज्वारीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मोबाईल बायकोच्या हातात. तिचं नाव मंगल. तिनं मला तीनदा विचारलं, "अहो, कशाला? उद्या आत्याचं ऑपरेशन हाय. काही उलटंसुलटं झालं तर?"

"तू नुसतं बटण दाब."

तिनं बटण दाबलं. मी छाती काढली. "नमस्कार शेतकरी बांधवांनो! आपल्या पिकात पाखरं येऊन राह्यलीत का? काळजी करू नका. ह्या भोंग्यापुढं जगातलं कोणतंही पाखरू एक मिनिट सुद्धा थांबणार न्हाई! विश्वास बसत न्हाई? मंग बघा!"

आणि मी भोंगा चालू केला.

माझ्याच आवाजात, माझ्याच कानाशी, "हाड! हाड! हुर्रर्र!" झालं. शेठनं माझ्या खांद्यात नखं रोवली, किंचाळला, आणि पंख पसरून सरळ आभाळात. भोंगा मागून ओरडत होता, "घेऊन जा, घेऊन जा, वर्षाची ग्यारंटी!" इतकी खरी जाहिरात मी अजून पाहिलेली नाही.

मंगल मोबाईल तसाच धरून उभी. "गेलं की हो!" एवढंच म्हणाली.

शेठ ज्वारीवरून एक चक्कर मारून बाभळीच्या अगदी शेंड्याला बसला. उभ्या जन्मात एवढं आभाळ त्यानं पाहिलेलं नसावं. तुरा मिटलेला, अंग आकसलेलं. माळ्यावरून अण्णांनी सगळं पाहिलं होतं. ते उठून उभे राहिले, डावा हात कानाकडं निघाला, तोंड उघडलं.

"अण्णाऽऽ!" मी ओरडलो. "तोंड उघडू नका! तुमच्या एका आरोळीनं ते थेट परभणीला जाईल! बिलकुल आवाज काढू नका!"

अण्णा काहीतरी सांगायला गेले. मी पुन्हा ओरडलो, "चूप बसा! मला म्हाईत हाय काय करायचं ते!" आणि अण्णा चूप बसले. हाताची मूठ तोंडावर दाबून माळ्यावर बसून राहिले. (हे वाक्य मला पुढं आयुष्यभर ऐकावं लागणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

मग मी माझी अक्कल वापरायला सुरुवात केली. आधी मोसंबी सोलून बाभळीखाली ठेवली. ती गायीनं खाल्ली. मग "ये राजा, ये सोन्या" करून लाडीगोडी लावली. माझा असला आवाज ऐकून मंगलनं तोंड फिरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज तिच्या वाट्याला कधी आला नव्हता.

तोवर बातमी शिवारभर झालेली. आजूबाजूच्या शेतांतली माणसं मदतीला आली. आता ह्या माणसांचा दोष नाही. सगळ्यांचे बाप, आजे माळ्यावर गेलेले. ज्वारीपाशी पाखरू दिसलं, की ह्यांचं तोंड आपोआप उघडतं! पहिला आला, त्यानं वर पाहिलं आणि, "अबाबा, केवढं पाखरू! हुर्रर्र!" शेठ एका फांदीवरून दुसरीवर. मी हात जोडले. दुसरा आला, तो तर ताट आणि पळी घेऊनच. म्हटलं, "अरे, हाकलायचं न्हाई, धरायचंय!" तो म्हणाला, "बराबर हाय, बराबर हाय," आणि एकदा वाजवलंच. सवयच ती! शेठ बाभळीवरून मोसंबीच्या बागेत, बागेतून विजेच्या खांबावर, खांबावरून परत बाभळीवर. त्यालाही दुसरीकडं कुठं जावं ते कळत नव्हतं.

मग मला सगळ्यात जबरी कल्पना सुचली. मोबाईलवर सेराम बेटावरच्या काकाकुव्यांचा आवाज मिळाला. म्हटलं, आपल्या जातभाईंची हाक ऐकली की खाली येईल. तो आवाज भोंग्यात भरला, भोंगा बाभळीकडं धरला. आणि खरंच सांगतो, शेठनं तुरा उभारला! मान वाकडी करून ऐकायला लागला. एक फांदी खाली आला. अजून एक. सगळं शिवार श्वास रोखून उभं. मंगलनं माझा दंड धरला. आणि तेवढ्यात बेटावरचा आवाज संपला, भोंगा आपोआप जुन्या भरणीवर गेला, आणि माझाच आवाज गरजला, "हाड! हाड! हुर्रर्र! घेऊन जा, घेऊन जा..."

शेठ पुन्हा शेंड्याला. गावातली कुत्री जमा झाली, ती वेगळीच.

दिवस कलायला लागला. आता थोड्याच वेळात आत्याचा व्हिडिओ कॉल येणार होता. सकाळीच तिनं बजावलं होतं, "उद्या आत जायच्या आधी आज शेठला डोळे भरून बघते. त्याला बघितल्याबिगर मी काही त्या टेबलावर झोपत न्हाई." आणि आत्या म्हणजे आत्या, दवाखान्याचा झगा घालून, काठी टेकत, एसटीनं परत यायला तिनं कमी केलं नसतं.

"मंगल," मी म्हणालो, "रुक्मिणकाकूची पांढरी कोंबडी आण."

"काय?"

"अन् रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता नं घरात?"

मंगलनं कपाळावर हात मारला. "अहो, आत्याचे गुडघे गेलेत. डोळे न्हाई गेले!"

पण माणूस बुडायला लागला की त्याला कोंबडीसुद्धा चालते. कोंबडी आली. मी तिला रंग चोळला, डोक्यावर जरा जास्त. ती माझ्याकडं अशी बघत होती, की आजही रुक्मिणकाकूच्या अंगणातून जाताना मी मान खाली घालतो. तिला पिंजऱ्यात बसवली, पिंजऱ्यावर अर्धं लुगडं टाकलं, आणि फोन वाजला.

"सुभ्या, कुठंय रे माझा गुलाबशेठ?"

"हा काय आत्या!" मी फोन लांबूनच फिरवला.

"असा खाली मान घालून का बसलाय?"

"तुझी आठवण येऊन राह्यली त्याला."

"अगं बाई! शेठ, ए राजा, इकडं बघ की. मी हाय."

"कक् कक् कक्," कोंबडी म्हणाली.

"हा कसला आवाज?"

"घसा बसलाय, आत्या. थंडी लई हाय नं इकडं."

मागं मायनं तोंडात पदर कोंबला होता. अजून वाचलो असतो, देवाशपथ वाचलो असतो! पण कोंबडी उठून उभी राहिली, अंग फुगवलं, थोडी कण्हली, आणि बाजूला झाली. पिंजऱ्यात एक अंडं होतं. ते मला दिसलं. मंगलला दिसलं. आणि आत्यालाही दिसलं.

पडद्यावर आत्याचा चेहरा जवळ आला.

"सुभ्या," आत्या म्हणाली.

"काय आत्या?"

"शेठ नर हाय रे."

एवढी वर्षं दुकानात बसून कसल्या कसल्या मालाची तारीफ केली, पण त्या अंड्याची काय करणार! आत्याचा आवाज बदलला होता. ती हळू म्हणाली, "दादाला फोन दे."

मी फोन घेऊन माळ्याकडं गेलो. अण्णा खाली उतरले. मूठ अजून तोंडाशीच होती. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"गोदे, पाखरू उडालंय. बाभळीवर हाय. दिसतंय मला."

"कुनी उडवलं?"

मी मान खाली घातली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या राखणीत उडालं."

आत्या रडायला लागली. मोठ्यानं नाही, आतल्या आत. "दादा, मला न्हाई करायचं ऑपरेशन. गुडघे घेऊन करू काय मी? घरात गेल्यावर कुनाला बोलू? तू गाडी पाठव, मी अशीच येते."

अण्णांचे डोळे भरून आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की तिच्यासाठी हे पाखरू नव्हतंच. मामा गेल्यापासून त्या घरात तिच्या हाकेला ओ देणारं तेवढंच उरलं होतं, आणि मी त्याला खांद्यावर घेऊन भोंगे विकत होतो.

"गोदे, फोन ठेवू नको," अण्णा म्हणाले. "नुसतं बघ." मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सुभ्या, आता उघडू का तोंड?"

"अण्णा, नका! अंधार पडायलाय. घाबरून लांब गेलं तर..."

"अहो, त्यांना ओरडू द्या!" मंगल माझ्या अंगावर खेकसली. मी बाजूला झालो.

अण्णा माळ्यावर चढले. सावकाश, एकेक पाय ठेवत. उभे राहिले. डावा हात कानाशी नेला. आणि मग ती आरोळी निघाली. "हुर्रर्रऽऽ हाऽऽड!"

काय सांगू तुम्हाला! मी पुन्हा परकरी पोरींबरोबर चिंचा खाणारा पोरगा झालो. ज्वारीत दडलेले चार-दोन पोपट भर्रकन उठून दूधनेकडं गेले. चिमण्या गेल्या. कावळे गेले. कुत्री गेली. आणि बाभळीचा शेंडाही हलला. तिथून एक पांढरं पाखरू सुटलं. पण ते नदीकडं गेलं नाही. शिवारातलं प्रत्येक पाखरू माळ्यापासून लांब पळत होतं, आणि हे एकटं माळ्याकडं येत होतं!

शेठ धपकन अण्णांच्या खांद्यावर उतरला. टोपी खाली पडली. शेठनं तुरा उभारला आणि सरळ अण्णांच्या बंडीच्या खिशात चोच घालून एक शेंग काढली. मग अगदी घरातल्यासारखा बसून ती फोडायला लागला.

मी तोंड वासून बघतच राहिलो.

"रोज पहाटं," मंगल म्हणाली, "अण्णा शेंगा घेऊन बसतेत त्याच्यापाशी. हळूच म्हणतेत, हुर्रर्र हाड, हुर्रर्र हाड. अन् एक शेंग देतेत. मंग परत हुर्रर्र हाड, अन् परत शेंग."

"तुला म्हाईत होतं? मंग मला सांगितलं कामून न्हाई?"

"दुपारपासून तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तुमी म्हणले, तुला पाखरातलं काय कळतं."

माळ्यावर अण्णा कावरेबावरे झाले होते. चोरी पकडली गेली होती त्यांची. "आता पाखरासंग दुसरं काय बोलतेत, मला कुठं म्हाईत हाय?" ते पुटपुटले. "जन्मभर हेच बोलत आलो."

माझ्या हातातल्या फोनमधून आत्याचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "दादा! अरे दादा, आज पाखरू बोलावलंस रे तू! तुझ्या हाकेनं पाखरू आलं!"

"हाव," अण्णा म्हणाले. त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "आता उद्या गुमान टेबलावर झोप. अन् औंदा राखीला ते पाखरं मारणाऱ्याचं बोलणं बंद कर."

"करते. पर त्याला आता कुलूप लाव जल्दी. अन् सुभ्याला बी!"

ऑपरेशन झालं. आत्या नव्या गुडघ्यांनी चालत येऊन शेठला घेऊन गेली. तो गेला त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. म्हणाले, पित्त झालंय. पुढच्या वर्षी त्यांच्यानं माळ्यावर चढवेना, मग ज्वारीही गेली. त्या तुकड्यात आता मोसंबी आहे. मेढी तेवढ्या गोठ्याला कामी आल्या. अण्णांचा आवाजही बारीक झालाय, हाक मारली तर अंगणापलीकडं जात नाही. पोपट आले तरी ते नुसते बघत बसतात. म्हणतात, "खाऊ दे. येतेत हेच लई हाय."

पण दर महिन्याला आम्ही जालन्याला जातो, आणि अण्णा आत्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. शेठ कठड्यावर येतो. तुरा उभारतो. आणि समोरच्या इमारतींवर अण्णांची ती जुनी, भरदार आरोळी सोडतो, जशीच्या तशी, पोटातून, "हुर्रर्रऽऽ हाऽऽड!" अण्णा डोळे मिटून ऐकतात. एकदा आत्याला म्हणाले, "गोदे, माझाच हाय तो आवाज. माळ्यावरचा." तिनं त्यांच्या हातात शेंगा ठेवल्या.

कठड्यावर कबुतरं बसलेली असतात. ती जागची हलत नाहीत. शहरातली जात, त्यांना काय माळ्याचं भय! पण मी दारात पाऊल टाकलं आणि ती आरोळी झाली, की हातातली पिशवी टाकून मी जिन्याकडं वळतो. दरवेळी! मागून शेठ माझ्याच आवाजात ओरडतो, "घेऊन जा, घेऊन जा!" अण्णांच्या आरोळीनं उठणारं आता जगात एकच पाखरू उरलंय, आणि ते वाटूर फाट्यावर भोंगे विकतं.